पिवळी वर, निळी खाली

११ ऑगस्ट

प्रिय आत्या,

मराठीत लिहितेय, शुद्धलेखन बघून हसू नकोस. तूच दम दिला होतास की ‘चिमणे, इंग्रजीत पत्र आलं तर त्यात सुके मासे बांधीन.’ फोन तर लागतच नाही. बाबा रोज लावतात आणि ती बाई रोज तेच ऐकवते. बोटीच्या ऑफिसात कळलं की बेटावरचा टॉवर वादळात पडला आणि यंदा काही तो परत लागणार नाही, पण आठवड्याची टपालाची बोट चालू आहे. म्हणून पत्र.

आतोबांबद्दल विचारायचं म्हटलं की पेन थांबतं. बाबांना तुमच्या हेडऑफिसातून एवढंच कळलं की शोध थांबवलाय आणि कागदावर ‘बेपत्ता’ असा शेरा मारलाय. तेव्हापासून बाबा घरात कुणाशी नीट बोलत नाहीत. तुझ्यासाठी त्यांनी मागची खोली रिकामी केलीये. ट्रेडमिल बाहेर पॅसेजमध्ये आलीये, येताजाता सगळे तिला ठेचकाळतात, पण कुणी चकार शब्द काढत नाही.

पण मी लिहितेय ते वेगळ्याच गोष्टीसाठी. उभी असशील तर बस.

मागच्या आठवड्यात आमच्या पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर एक फोटो आला. कुणीतरी कुत्र्याला फिरवायला किनाऱ्यावर गेलं होतं, तिथे शेवाळाच्या ढिगात एक पांढरा पक्षी पडलेला. लाल चोच, डोळ्यापाशी काजळ ओढल्यासारखी काळी रेघ, आणि शेपटीला दोन लांबलचक पिसं, त्यातलं एक मोडलेलं. ट्रॉपिकबर्ड. आत्या, हा पक्षी आमच्या थंड किनाऱ्यावर येत नाही, म्हणजे येतच नाही. माझ्या पुस्तकात त्याच्यापुढे एकच ओळ आहे: ‘फार क्वचित, वादळानंतर भरकटलेला.’ ग्रुपवर सगळे वेडे झाले. माणसं कॅमेरे आणि ट्रायपॉड घेऊन धावली. मी मात्र फोटो मोठा करून पाय बघत बसले. डावा पाय. पिवळी वर, निळी खाली.

आतोबा आमच्याकडे आले होते तेव्हा जेवणाच्या टेबलावर फोनमधले पक्ष्यांचे फोटो दाखवत होते, आठवतंय? एकेक जण भांडी उचलायच्या निमित्तानं सटकला. मी बसून राहिले. ते म्हणाले, ‘प्रत्येकाच्या कड्यांची जोडी वेगळी. हा बघ, पिवळी वर, निळी खाली, डावा पाय. जगात कुठेही दिसला तर समजायचं, आपल्या घरचा आहे.’ मी जे काही पक्ष्यांमागे लागले ते त्या टेबलापासून.

सकाळची पहिली बस पकडून मी इथे आले. मासळीच्या लिलावाच्या शेडमागे जखमी पक्ष्यांचा एक दवाखाना आहे, त्याला तिथे आणलंय. दोन खोल्या, ओला फरशीचा बोळ, हीटरची घरघर, तेलात बुडालेले सीगल, आणि सगळ्यावर मासळीचा वास. मी डॉक्टर मॅडमना म्हटलं, पगार नको, झाडू मारते, पण याच्यापाशी बसू द्या. त्यांनी मला वरून खाली बघितलं आणि झाडू दिला.

तो फार रोडावलाय. टॉवेलची चुंबळ करून त्यावर ठेवलाय, म्हणजे छातीचं हाड टेकून जखम होणार नाही. नळीनं पातळ मासा देतो. अजून पडूनच आहे. इथला हिशेब सोपा आहे आत्या, सीगल असो नाहीतर बदक असो, पायावर उभा राहिला की वाचला.

हा तुमचाच ना? एवढं कळव.

तुझी,
चिमणी

१८ ऑगस्ट

चिमणे,

बोट माल उतरवतेय तेवढ्यात लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

आपलाच. आमचा शेपटीशेठ. नाव ह्यांनीच ठेवलेलं. हवेत असा मिरवत येतो की जणू सगळं बेट त्याच्या बापाचं, आणि उतरतो मात्र गोणी टाकल्यासारखा धप्पकन. माझ्या स्वयंपाकघराच्या मागे, पाण्याच्या टाकीखाली खडकात कपार आहे, तिथे त्याचं घर. बायकोला आम्ही शेठाणी म्हणतो. एक पिल्लू आहे, राखाडी कापसाचा गोळा. त्या सकाळी शेठ मासे आणायला समुद्रावर गेला तो आलाच नाही. तेव्हापासून शेठाणी एकटी खेपा घालतेय.

आणि त्याच सकाळी हे गेले. तुला कुणी नीट सांगितलं नसेल म्हणून सांगते. हवामानाची यंत्रं मीच बघते इथे, तुला माहीतच आहे. दाबाचा काटा उतरत होता. मी म्हटलं, आज नका जाऊ. हे म्हणाले, ‘तुझा काटा मेला कायमचाच रडका. पलीकडच्या खडकावरची पिल्लं मोजतो आणि येतो.’ चहाचा कप तसाच ओट्यावर ठेवून गेले. दुपारी वारा आला. आमचं अर्धं छप्पर त्यात गेलं, यांची बोट अजून सापडली नाही. बोटही नाही, वल्हंही नाही, टोपीसुद्धा नाही. येणारा प्रत्येक जण मान खाली घालून बसतो आणि म्हणतो, ‘बेपत्ता आहेत, वहिनी.’

पण आता तू लिहिलंस आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दोघं एकाच वाऱ्यात होते. मूठभर पाखरू इतक्या लांब जिवंत पोचतं, तर पट्टीचा पोहणारा माणूस, त्याची दणकट बोट, कुठेतरी लागली असेलच ना? कुठल्यातरी किनाऱ्यावर कुणीतरी त्यांना टॉवेलात गुंडाळून ठेवलं असेल. नाव सांगता येत नसेल. त्यांच्या पायात कडी थोडीच आहे.

तेव्हा बाबाला निरोप दे. ऑफिसनं बेट रिकामं करायला सांगितलंय. एकोणतीस सप्टेंबरची बोट शेवटची, मग समुद्र बंद. दुसरं मोठं वादळ त्याच सुमाराला येतं, आणि टाकीला तडा गेल्यामुळे गोडं पाणी टिकत नाही, हे सगळं मला कळतं. बाकीची घरं निघाली. मी निघणार नाही. हे परत आले आणि दाराला कुलूप दिसलं तर?

शेठ कसा आहे ते सगळं लिही. काय खातो, कसा बघतो, आवाज काढतो का. तो आहे तोवर मी आहे.

तुझी,
आत्या

२३ ऑगस्ट
(हे पत्र मी टाकलं नाही.)

आत्या,

तुझं पत्र आज मिळालं. शेपटीशेठ परवाच गेला.

फुफ्फुसात बुरशी झाली होती. डॉक्टर म्हणाल्या, उपाशी, भिजलेला, असल्या थंडीची सवय नसलेला पक्षी, त्याला हे होतंच, औषध लागू पडलं तर नशीब. सकाळी त्यानं नळी तोंडात घेतली नाही. चोच उघडी ठेवून श्वास घेत होता. मी त्याला टॉवेलासकट मांडीवर घेऊन बोळात बसले, कारण खोलीत बाकीचे पक्षी कलकलाट करत होते. मग तो हलका झाला. आधीच हलका होता, तरी मला कळलं.

मी डॉक्टरांना विचारलं, काही चुकलं का आपलं. त्या हात धूत होत्या. ‘हा इथे आला तेव्हाच उशीर झाला होता,’ म्हणाल्या. ‘इतका वेळ राहिला तोच पुष्कळ.’ मग त्यांनी मला पुढच्या सीगलची पट्टी धरायला सांगितली.

आता हे मी तुला कसं सांगू? तू लिहिलंयस, तो आहे तोवर मी आहे. त्या ओळीखाली तू रेघसुद्धा मारलीयेस.

मला हे पत्र टाकायचं धाडस नाही.

२४ ऑगस्ट

प्रिय आत्या,

तुझं पत्र मिळालं. शेपटीशेठ मस्त आहे.

खरंच. काल तर कमालच झाली. मी फरशी पुसत होते आणि मागे काहीतरी खसखसलं. वळून बघते तर साहेब उभे. पाय फाकवून, जिना चढून दमलेल्या आजोबांसारखे डुलत. मग टॉवेलच्या कडेपर्यंत टुकूटुकू चालत आला आणि माझ्या बोटाला अशी चोच मारली की रक्त आलं. मी रडले. डॉक्टर म्हणाल्या, ‘मूर्ख, पट्टी लाव.’ पण त्याही हसत होत्या. मी सांगितलं ना, उभा राहिला की वाचला.

आता नळी बंद. अख्खे मासे गिळतो आणि वर अजून आणा म्हणून किंचाळतो. शेजारच्या पिंजऱ्यातला सीगल त्याला टरकून असतो.

आत्या, तो बरा होतोय, पण म्हणून तू तिथेच थांबायला पाहिजे असं नाही. तू इथे ये आणि त्याला बघ. आतोबा आले तर बोटवाला सांगेलच ना त्यांना, तू कुठे आहेस ते. दाराला कुलूप लाव आणि चिठ्ठी ठेव. बाबांनी तुझ्या खोलीला पडदे लावलेत. फार भयाण रंग आहे, तू आल्याशिवाय ते कुणी बदलू शकत नाही.

एकोणतीसच्या बोटीत बस. प्लीज.

तुझी,
चिमणी

१ सप्टेंबर

चिमणे,

पत्र पोचलं.

उभा राहिला म्हणतेस. टॉवेलच्या कडेपर्यंत चालत आला. ते वाक्य मी पुन्हा वाचलं, मग दिवा जवळ घेऊन आणखी एकदा वाचलं. किती पावलं टाकली गं त्यानं?

इकडचं सांगते. उरलेल्या छपराला ताडपत्री बांधलीये, वारा आला की ती दार ठोठावल्यासारखी वाजते. मी दर वेळी दाराकडे बघते. माणसाचा मेंदू म्हणजे गाढव आहे, ताडपत्री स्वतः बांधली तरी त्याला कळत नाही. टाकीतलं पाणी भांड्यांत काढून ठेवलंय. शेजारचे निघाले, जाताना त्यांची कोंबडी माझ्या गळ्यात मारून गेले. ती अंडं देत नाही, नुसती टोमणे मारल्यासारखी बघते.

पिल्लू वाढतंय, पण शेठाणीच्या एकटीच्या कमाईत भागत नाही. मी कपारीत छोटा मासा ठेवून बघितला. त्यानं तो बघितलासुद्धा नाही. आईच्या घशातूनच पाहिजे. शेठाणी दमलेली दिसते. खेपेहून आली की पंख पसरून तशीच पडून राहते.

बोटवाला आज चिडला. म्हणाला, ‘वहिनी, मला जागेचं बघावं लागतं. हो की नाही, काय ते एकदाचं सांगा.’ मी नाही म्हटलं. तो कोंबडीकडे बघून म्हणाला, ‘हिला तरी अक्कल आहे का?’ मी म्हटलं, तिलाही नाही.

बाबाला सांग, ट्रेडमिल आत घे. नाहक कुणाचा पाय मोडेल.

आत्या

७ सप्टेंबर

प्रिय आत्या,

सहा-सात पावलं असतील. मी मोजली नाहीत, मी आनंदानं वेडी झाले होते.

तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. ‘नाही म्हटलं’ इथे आल्यावर ते उठले आणि पॅसेजमध्ये जाऊन ट्रेडमिलवर बसले. चालू न करता, नुसतेच बसले. मग म्हणाले, ‘ती लहानपणापासून अशीच. विहिरीत पोहायला उतरली की बाहेर काढायला बैल लागायचे.’ आणि मग आत्या, ते रडले. मी बाबांना रडताना पहिल्यांदा बघितलं, आणि मला कुठे बघावं ते कळेना म्हणून मी पडदे नीट केले.

आता खरी बातमी. शेपटीशेठला सोडला. काल. डॉक्टर म्हणाल्या, अजून थंडी वाढली तर त्याला जाता येणार नाही. बंदराच्या भिंतीच्या टोकावर नेऊन पेटी उघडली. तो आधी जरा थांबला, मग वाऱ्यावर उचलला गेला, एक चक्कर मारली आणि सरळ दक्षिणेकडे. तो एक ठिपका होईपर्यंत मी बघत होते.

म्हणजे बघ, त्याचं झालं. तो सुटला. आता तुला त्याच्यासाठी थांबायची गरज नाही. तूही नीघ. हवामानाच्या साइटवर मी रोज तुमच्या समुद्राचा नकाशा बघते. खाली कोपऱ्यात एक गरगरणारं काहीतरी तयार होतंय. तुझा काटा काय म्हणतो ते मला माहीत नाही, पण तो रडका असेल तर या वेळी त्याचं ऐक.

तुझी,
चिमणी

१५ सप्टेंबर

चिमणे,

सोडलात. बरं.

मग तो इकडेच येईल, नाही का? दुसरीकडे कुठे जाणार, घर इथे आहे. आणि तो येणार म्हणजे आता तर मला हलताच येत नाही. बोटवाल्याला तसं सांगितलं. तो पाण्याचे दोन कॅन जास्तीचे ठेवून गेला.

काटा उतरायला लागलाय. अजून सावकाश.

शेठाणी चार दिवसांत आली नाही. पिल्लाला आता पिसं आलीत, कपारीच्या तोंडाशी येऊन बसतं आणि समुद्राकडे बघतं. शेवटी शेवटी आई-बाप खाऊ घालणं आपण होऊन बंद करतात, ही त्यांची रीत आहे. पण ती रीत म्हणून येत नाही की तिचंही काही झालंय, हे मला इथून कळायला मार्ग नाही.

एक मागणं आहे. शेवटी तू त्याच्याजवळ होतीस ना? मग ते नीट लिही. रंगवू नकोस. पुढच्या बोटीनंतर एकच बोट आहे.

आत्या

२१ सप्टेंबर

आत्या,

तुझं पत्र दुपारी मिळालं आणि मी इथे पेटाऱ्यावर बसून लगेच लिहितेय, नाहीतर पुन्हा हिंमत जाईल. आज टाकलं तर शेवटच्या बोटीला मिळेल, टपालवाल्यानं तसं शपथेवर सांगितलंय.

शेपटीशेठ मेला. एकवीस ऑगस्टलाच. तुझं पहिलं उत्तर माझ्या हातात पडायच्या आधी.

तो उभा राहिला नाही. चालला नाही. त्यानं मला चोच मारली नाही, ती दुसऱ्या दिवशी सीगलनं मारली. भिंतीच्या टोकावरून कुणाला सोडलं नाही. मी तिथे एकटी गेले होते, रिकाम्या हातानं, कारण मला बघायचं होतं की सोडला असता तर कसं दिसलं असतं. मग ते घरी येऊन तुला लिहिलं.

तू विचारलंस म्हणून सांगते. फुफ्फुसात बुरशी होती. सकाळी खाल्लं नाही. मी त्याला मांडीवर घेऊन बोळात बसले होते, फरशी ओली होती, माझी पँट भिजली. त्याचं डोकं माझ्या मनगटावर होतं. त्याला कशाचा त्रास झालेला दिसला नाही, पण आत्या, मला काय दिसतं, मी काही डॉक्टर नाही. श्वास अंतरा-अंतरानं येत होता आणि मग आला नाही. मी बराच वेळ पुढच्याची वाट बघितली.

त्याला म्युझियमवाले घेऊन गेले. कड्या मी मागून घेतल्या. पिवळी आणि निळी. डोळ्यांच्या औषधाच्या खोक्यात कापसात ठेवल्यात.

मला वाटलं होतं, मी तुला जगवतेय. आणि मी तुला त्या गळक्या घरात, फुटलेल्या टाकीपाशी बांधून ठेवत होते. तो बरा आहे म्हटलं तर तू थांबतेस. सुटला म्हटलं तरी थांबतेस. मेला म्हटलं तर तू काय करशील या भीतीनं मी हे सगळं केलं, आणि अजूनही मला माहीत नाही तू काय करशील. नकाशातलं ते गरगरणारं आता कोपऱ्यात राहिलेलं नाही. बाबा काल बोट भाड्यानं मिळते का बघायला बंदरावर गेले होते. बाबा, ज्यांना बादलीतल्या पाण्याकडे बघून मळमळतं. सगळ्यांनी त्यांना हात जोडले.

मला शिव्या दे. आयुष्यभर बोलू नकोस. पण इथे येऊन बोलू नकोस. माझ्यासमोर बसून बोलू नकोस.

बोटीत बस, आत्या. मी तुझ्या पाया पडते.

चिमणी

२९ सप्टेंबर

चिमणे,

बोट हलतेय म्हणून अक्षर असं. बंदराला लागले की बाबाला फोन करीनच, पण हे फोनवर बोलता यायचं नाही. कागदावर लिहिते आणि तिथूनच टाकते. ऑफिसचे कागद उरकायला मला बंदरावर तीन-चार दिवस लागतील. मी पोचायच्या आधी वाचून घे, म्हणजे भेटल्यावर आपल्याला दुसरं काही बोलता येईल.

तो उभा राहिला असं तू लिहिलंस ना, त्याच दिवशी मला कळलं.

बाळा, ही जात उभी राहत नाही. कधीच नाही. त्यांचे पाय पार मागे, शेपटीच्या मुळाशी असतात. पाण्यात वल्ह्यासारखे चालतात, जमिनीवर अंगाचं ओझं पेलत नाहीत. जमिनीवर आले की छाती टेकून, ढुंगणानं ढकलत सरकतात. हे हसायचे, म्हणायचे, ‘आभाळात राजा आणि दारात रांगतं बाळ.’ तू कधी बेटावर आलीच नाहीस, सतत तुझ्या परीक्षा आणि क्लास. म्हणून तुला ठाऊक नाही. तुझ्या पुस्तकात एकच ओळ होती आणि तुझा शेठ टुकूटुकू चालला.

मला राग आला का? आला. दिवा विझवून बसून राहिले. मग वाटलं, या पोरीनं माझ्यासाठी त्याला पायावर उभा केला, जो देवानंसुद्धा कधी केला नव्हता. आणि मीही तेच तर करत होते. रोज सकाळी ह्यांचा कप धुवून पुन्हा ओट्यावर ठेवत होते.

मग मी तुला खोटं का लिहीत राहिले, ते सांगते. वादळानंतर माझ्याशी कुणी खरं बोललंच नाही. ऑफिसचा साहेब, बोटवाला, शेजारी, तुझा बाबासुद्धा. सगळे बेपत्ता म्हणतात. त्या शब्दात ना बसता येतं ना उठता येतं. मला पाहिजे होतं की आपलं कुणीतरी एकदा सरळ सांगावं. तू सोडला म्हणून लिहिलंस तेव्हा मला कळलं की तू पण नाही सांगणार. म्हणून तुला जरा टोचलं. तो येईल, मी थांबते, असं लिहिलं. तुला छळलं मी, चिमणे. तू लहान आहेस हे विसरले.

आणि खोटं कशाला बोलू, पत्र तसंच गोड-गोड आलं असतं, तर मी आज बोटीत नसते. बोटवाल्याला नाही म्हणूनच ठेवलं होतं.

तुझं पत्र आज याच बोटीनं आलं. मी धक्क्यावर उभी राहून वाचलं. वारा इतका होता की कागद दोन्ही हातांनी धरावा लागला. तू लिहिलं होतंस, शेपटीशेठ मेला. मी ते मोठ्यानं वाचलं. कुणी ऐकायला नव्हतं, कोंबडी सोडून. मग त्याच वाक्यात मी शेठच्या जागी ह्यांचं नाव घातलं आणि तेही मोठ्यानं म्हटलं. जिभेनं म्हटलं. आभाळ कोसळलं नाही. ते आधीच कोसळलेलं होतं.

बोटवाल्याला म्हटलं, थांब, आले. तो म्हणाला, ‘वहिनी, समुद्र थांबणार नाही, पण मी थांबतो.’ घरात जाऊन कप घेतला, एक पिशवी भरली. दाराला कुलूप लावलं नाही. आता कुणासाठी आणि कुणापासून.

जाताना कपारीपाशी गेले. कपार रिकामी होती. काल संध्याकाळी पिल्लू तिथे होतं. त्यांना उडायला कुणी शिकवत नाही, छातीनं सरकत काठापर्यंत जायचं आणि स्वतःला टाकून द्यायचं, खाली वारा लागला तर लागला. उडालं की पडलं ते मला माहीत नाही. मी खालच्या खडकांत बघितलं नाही. बघायला वेळ होता, तरी बघितलं नाही.

कोंबडी आणलीये. बाबाला सांगू नकोस, तोंडावर बघू दे त्याला.

त्या कड्या तुझ्याकडेच राहू दे. मला पाठवू नकोस, मी येऊन बघेन. त्या टेबलावर ह्यांचं बोलणं ऐकत तू एकटीच बसली होतीस, तेव्हा तुझ्याच आहेत त्या.

स्टेशनवर तू ये, बाबा गर्दीत गोंधळतो. आणि डब्यापाशी येऊन माझा हात धर. इतकी वर्षं बेटावर, मग हे दिवस, मग ही बोट. मघाशी जरा उभी राहायला गेले तर पाय धरेनात, कठडा पकडून खाली बसले. जमिनीवर आले की माझं काही खरं नाही. मी सरकत आले तरी चालेल, पण तू समोर पाहिजेस.

आत्या